टायबेरियसचा ओठ

प्राचीन रोमन नाणी जमविण्याचा छंद असलेल्या माझ्या एका स्नेह्यांकडे मागल्या उन्हाळ्यात एक दुपार काढली. त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. आत निळी मखमल, आणि मखमलीत बारा खळगे. दहा भरलेले, दोन रिकामे. बाराच का, असे मी विचारले, तेव्हा ते माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहून म्हणाले, "बारा सीझर, गुरुजी!"

घरी परत येताना मला ह्या उत्तरातली गंमत कळली. रोमला बादशहा काही बाराच झाले नाहीत. डोमिशियननंतर नर्व्हा आला, ट्रेजन आला, हेड्रियन आला, आणि त्यांचीही नाणी उत्तम आहेत. परंतु स्वेटोनियस नावाच्या एका लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ज्यूलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंत बारा जणांची चरित्रे लिहिली आणि तेथे लेखणी ठेवली. म्हणून खळगेही बाराच. इ. स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर बसलेल्या ओथोचे नाणे मिळविण्यासाठी संग्राहक वर्षानुवर्षे झुरतात, ते काही त्याच्या कर्तबगारीमुळे नव्हे. त्याच्यावाचून पुस्तकातले एक प्रकरण रिकामे राहते! ती पेटी एखाद्या सुताराने केली असेल, पण तिचे माप स्वेटोनियसने दिलेले आहे. तेव्हा नाणेसंग्रह ही निखळ वस्तुनिष्ठ विद्या, आणि कादंबरी म्हणजे मनाचे खेळ, हा जो भेद आमचे हे स्नेही नेहमी मला ऐकवतात, तो निदान ह्या पेटीपुरता तरी खरा नाही.

तिसऱ्या खळग्यात टायबेरियस होता. मराठी बायबलातला तिबिर्य कैसर तो हाच. चांदीचा दिनार, पावणेचार ग्रॅमच्या आसपास वजनाचा, आपल्या जुन्या चवलीपेक्षा थोडा मोठा. एका बाजूस पानांचा मुकुट घातलेले मस्तक आणि भोवती 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस' अशा अर्थाची संक्षिप्त अक्षरे. दुसऱ्या बाजूस राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री, आणि 'मुख्य पुरोहित' ही पदवी. स्नेह्यांनी भिंग माझ्या हाती दिले. "ओठ बघा, गुरुजी. खालचा आत ओढलेला. क्रौर्य कसं स्पष्ट दिसतं!"

मी भिंगातून पाहिले, आणि मला ते खरोखरच दिसले. तक्रार आहे ती इथेच.

टायबेरियसविषयी मला आधीपासून पुष्कळ ठाऊक होते. लॅटिन मला येत नाही. इंग्रजी भाषांतरावर माझी भिस्त. तरी टॅसिटसची बखर वाचताना माणूस दडपून जातो. मनातले कधी न बोलणारा, दुसऱ्याच्या मनातले मात्र टिपून ठेवणारा, इ. स. २६ मध्ये राजधानी सोडून काप्री बेटावर जाऊन बसलेला आणि तेथून पत्रे पाठवून माणसे मारविणारा म्हातारा! स्वेटोनियसने त्याच्या तोंडावरच्या पुटकुळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. रॉबर्ट ग्रेव्हजने १९३४ साली 'आय, क्लॉडियस' लिहिली, तीही ह्याच दोघांच्या शिदोरीवर. पण हे दोघे टायबेरियसच्या मृत्यूनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी लिहीत होते. त्याच्या हाताखाली लढलेला वेलेयस पॅटर्क्युलस ह्याने त्याच्या हयातीतच इतिहास लिहिला, आणि तो स्तुतीने ओथंबलेला आहे. वेलेयस वाचून आलेला माणूस ह्याच ओठात संयम पाहील.

आणि नाणे स्वतः काय सांगते? जवळजवळ काहीच नाही. टायबेरियस पंचावन्नाव्या वर्षात गादीवर आला आणि सत्याहत्तराव्या वर्षी, इ. स. ३७ मध्ये, वारला. ह्या तेवीस वर्षांत बहुतेक सारा काळ हे एकच नाणे पडत राहिले. खुर्चीचे पाय कधी साधे, कधी नक्षीचे. बाकी तेच मस्तक, तीच स्त्री. ती स्त्री त्याची आई लिव्हिया, की शांतिदेवता, की दोन्ही, ह्यावर विद्वान अजून भांडतात. नाणे मध्ये पडत नाही. हे दिनार पडत होते ते आजच्या फ्रान्समधल्या ल्यों येथे. साचे कोरणाऱ्या कारागिरांनी बादशहाला बहुधा पाहिलेलेही नव्हते. समोर ठेवलेला नमुना पाहून ते कोरीत. साचा झिजला की नवा, नवा झिजला की आणखी नवा. स्नेह्यांच्या जवळच्या सूचिपत्रात ह्याच दिनाराची पानभर चित्रे होती. मी मुद्दाम एकेक ओठ पाहत गेलो. एकाचा भरलेला, एकाचा आवळलेला, एकाचा तर चक्क हसरा. क्रौर्य हे कोणाचे, बादशहाचे, की ल्योंमधल्या एखाद्या थकलेल्या कारागिराच्या छिन्नीचे?

हे मी अधिकाराने बोलतो, कारण हा अपराध मी स्वतः केलेला आहे. माझ्या एका कादंबरीत एक सावकार आहे. पहिल्याच प्रकरणात मी त्याचे ओठ पातळ केले. का? तो दहाव्या प्रकरणात काय करणार हे मला ठाऊक होते म्हणून. वाचकांनी ते वर्णन फार वाखाणले. 'पाहताक्षणीच माणूस कळतो', असे एकाने लिहिले. मी सुखावलो होतो. आता वाटते, माणूस कळला नव्हता. माझा निकाल तेवढा आधी कळला होता.

चेहऱ्यावरून चरित्र वाचण्याची ही खोड जुनी आहे. १३५४ साली पेट्रार्क हा इटालियन कवी मांतुआ येथे चौथ्या चार्ल्सला भेटला, तेव्हा त्याने त्याला रोमन बादशहांची नाणी नजर केली: ह्यांच्याकडे पाहा आणि ह्यांच्यासारखे व्हा. नाणे म्हणजे नीतिपाठाचे चित्र! उलट खरे बोलके नाणे पाहावयाचे तर चेहऱ्याकडे पाठ फिरवावी लागते. टायबेरियसच्याच कारकिर्दीत दोन पितळी नाणी निघाली. एकावर 'क्षमा', दुसऱ्यावर 'संयम' असे शब्द. टॅसिटस वाचून ती हाती घेतली की अंगावर काटा येतो. न वाचता घेतली तर ती सरकारी जाहिरात ठरते. स्पेनमधल्या बिल्बिलिस गावाच्या नाण्यावर इ. स. ३१ सालच्या दोन कॉन्सलांचा उल्लेख आहे: एक स्वतः टायबेरियस, दुसरा त्याचा उजवा हात सेजेनस. त्याच वर्षी सेजेनसचा वध झाला, आणि काही नाण्यांवरचे त्याचे नाव कोणीतरी खरवडून काढलेले आढळते. त्या ओरखड्यात जी भीती आहे, ती शंभर ओठांत मिळणार नाही.

परंतु संग्राहकांना ओरखडा नको असतो. त्यांना चेहरा हवा, आणि चेहऱ्यामागे कथा हवी. ह्याच दिनाराला बाजारात 'खंडणीचे नाणे' म्हणतात. येशूने ज्या नाण्याकडे बोट दाखवून मुद्रा कोणाची असे विचारले, ते हेच, असा समज. शुभवर्तमानात बादशहाचे नावच नाही, नुसता कैसर आहे. आणि त्या काळी यहूदा प्रांतात असे दिनार कितपत चालत, ह्याची अभ्यासकांना शंका आहे. तरी त्या नावासरशी किंमत चढते ती चढतेच.

ह्या साऱ्यात एक प्रश्न मी विचारला तो स्नेह्यांना आवडला नाही: हे नाणे सापडले कुठे? "लिलावात," ते म्हणाले. त्याआधी? ठाऊक नाही. आणि हा प्रश्न तर आपल्या देशातच विचारावयास हवा. इ. स. २२ मध्ये टायबेरियसने सेनेटला पत्र पाठविले, त्यात बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांच्या, शत्रूंच्याही देशांत जातो अशी तक्रार असल्याचे टॅसिटस सांगतो. तो पैसा जात कुठे होता, हे आपल्या जमिनीने दाखविले. तेलंगणातल्या अक्कनपल्ली येथे चांदीच्या दिनारांचा जो साठा मिळाला, त्यात १,५३१ नाणी होती, मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियस ह्यांचीच. इ. स. ६४ मध्ये नीरोने दिनाराचे वजन आणि कस उतरविला. पुढे जुन्या खऱ्या चांदीला अधिक मान राहिला असावा. आपल्या पैठण आणि तेरचा माल भडोचला जाई आणि तेथे रोमन नाणी नफ्याने बदलून मिळत, असे 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. तरी महाराष्ट्रात ती थोडी सापडतात. ती येथे वितळवली गेली असावीत असा तर्क आहे. म्हणजे आमच्या पूर्वजांनी टायबेरियसचा ओठ मुशीत घातला. अक्कनपल्लीचे एक नाणे हजारांतून उचलून मखमलीवर ठेवले की ते बादशहाचे होते, आणि मिरी, मोती, तलम कापड विकून ते मिळविणाऱ्या माणसाचे राहत नाही. ही चोरी कायद्यात बसत नाही, पण मला ती चोरीच वाटते.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई येथे १८९८ साली ५०१ रोमन मोहरांचा साठा निघाला. त्यांतल्या बहुतेकांवर बादशहाच्या मस्तकावरून आडवी छिन्नी मारलेली आहे. नाणे चलनातून काढण्यासाठी, की सोने आतपर्यंत खरे आहे ना हे पाहण्यासाठी, ह्याविषयी मतभेद आहेत. ज्याने तो घाव घातला त्याला मुकुटाखालचा माणूस क्रूर की संयमी, ह्याचे काही सोयरसुतक नव्हते. त्याने धातू पाहिला.

निघताना मी स्नेह्यांना म्हणालो, त्या दोन रिकाम्या खळग्यांपैकी एकात तसले घाव घातलेले एखादे नाणे ठेवा. ते पेटी मिटता मिटता म्हणाले, "छे हो, तसलं कशाला? चेहरा गेलेला असतो."