सारखाच बीएमआय, दोन वेगळी शरीरं: एका गाजलेल्या फोटोचं वाचन

मधुमेहावरच्या भाषणांत एक फोटो हमखास दिसतो. शेजारी शेजारी दोन पुरुष. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे युडकिन ते वेगळे, नाव तेवढं सारखं). दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. जानेवारी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'ने हा फोटो छापला आणि दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'वाय-वाय पॅरडॉक्स' हे नाव रूढ झालं.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित १८३२ सालच्या केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं. तो डॉक्टर नव्हता, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. वजनकाट्याला चरबी, स्नायू आणि हाडं वेगवेगळी कळत नाहीत, एवढं सांगायला हा फोटो झकास आहे.

पण तो दाखवून पुढे काय सांगितलं जातं? "आपल्या भारतीयांच्या जीन्समध्येच छुपी चरबी असते." मला हे पटत नाही, आणि मूळ मजकुरातही ते नाही. लेखकांनीच लिहिलंय की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी दवाखान्याच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत आत शिरणं! जीन्सचा वाटा किती हे अजून ठरायचंय, असंही ते म्हणतात. विनोद असला तरी प्रामाणिक आहे.

पुरावा म्हणून मात्र फोटो तोकडाच. एका बाजूला मॅरेथॉनवाला उभा केला की कुणाचीही चरबी जास्तच दिसणार. शिवाय पुरुषाच्या अंगात २१ टक्के चरबी म्हणजे काही आजार नव्हे. ती पोटात साठलीय की कातडीखाली, हेही टक्केवारीवरून कळत नाही. आणि बाई तर फोटोत नाहीच.

मग मी माजलगावात बसून हा फोटो का वाचतोय? त्यातल्या एका वाक्यासाठी, जे बहुतेक भाषणांत गळतं. याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं, आणि आईच्या पोटात असताना झालेल्या कुपोषणाचा याच्याशी संबंध असू शकतो. याला आधार याज्ञिकांच्याच कामाचा आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे दंड, पोट, सगळं बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक, तरी चरबीवालं बाळ. दोन प्रौढ पुरुषांच्या फोटोपेक्षा हे कितीतरी जड काम आहे.

आता आपल्या बीडकडे बघा. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी 'कोयता' म्हणून मोजली जाते, आणि दिवस गेलेली बाईसुद्धा मोळी उचलते. अशा ठिकाणी 'जीन्स' म्हटलं की कुणाला काही करायचं उरत नाही. 'आईचं पोषण' म्हटलं की करण्यासारखं भरपूर निघतं.

गंमत म्हणजे लॅन्सेटच्या त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा लेख आहे. आंतरराष्ट्रीय सीमा २५ आणि ३० त्यांनी तशाच ठेवल्या, आणि आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे जोडले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये थेट २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा म्हटलं. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी २३ म्हणजे साधारण ६२.६ किलो आणि २५ म्हणजे ६८ किलो. मधल्या साडेपाच किलोंतला माणूस एका तक्त्यात 'नॉर्मल', दुसऱ्यात नाही. पण सीमा खाली आणली तरी २२.३ वाले याज्ञिक दोन्ही तक्त्यांत नॉर्मलच राहतात! म्हणून टेप घ्या. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर बीएमआय काही का म्हणेना, साखर तपासून घ्या. घरात जन्माचं जुनं कार्ड असेल तर तेही शोधा. त्यावर अडीच किलोपेक्षा कमी वजन लिहिलेलं असलं, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.