पळसाला पाने किती?

वनस्पतिचित्र ही कला की नक्कल, असा प्रश्न आपल्याकडे सुशिक्षित माणसेही विचारतात. झाड आहे तसे काढायचे. मग त्यात चित्रकाराचे असे काय उरले? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, चित्रकलेतला अधिकार मजपाशी नाही. परंतु कादंबरी लिहिणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून तो मला टाळता येत नाही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात फुलांच्या चित्रांना तोटा नाही. बीबी-का-मकबऱ्याच्या गिलाव्यात फुले आहेत, अजिंठ्याच्या छतांवर कमळे आहेत. ती सुंदर आहेत, पण ती वास्तूची शोभा म्हणून आहेत. वनस्पतिचित्रातले फूल कोणाची शोभा नसते. त्यावरून झाड ओळखता आले पाहिजे, ही त्याची पहिली अट.

गेल्या फाल्गुनात रंगीत पेन्सिली घेऊन मी पळसाखाली बसलो. जलरंगात कुंचल्याच्या एका फटकाऱ्याने जे साधते, ते येथे थरावर थर चढवून मिळवावे लागते. आधी पिवळा, त्यावर नारिंगी, मग शेंदरी. जेथे उजेड हवा तेथे कागद पहिल्यापासून कोरा राखायचा. गडद रंग एकदा बसला की पुरता खोडता येत नाही. पानाच्या शिरा दाखवायच्या तर बोथट सुईने कागदावर आधी चरे पाडायचे आणि मग रंग द्यायचा. पेन्सिल संथ आणि फूल उतावळे. म्हणून ते सुकण्यापूर्वी रंगांची टिपणे करून ठेवावी लागतात.

पाने काढण्यासाठी मला पालवीची वाट पाहावी लागली. तेव्हा कळले की ज्यांना आपण म्हणीत तीन पाने म्हणतो, ती एकाच पानाची तीन दले आहेत. मधले मोठे, बाजूची दोन तिरकी. चपट्या शेंगेच्या टोकाशी बी एकच. कळी, फूल, पान आणि पक्व शेंग ही सारी चित्रकार एका कागदावर मांडतो. फांदीवर ती एका दिवशी कधीच दिसत नाहीत. ही नक्कल कशाची? ही तर रचना झाली, आणि तीही सत्याला बांधलेली. माझ्या एका कादंबरीत पळस हिरव्यागार पानांत फुलला आहे. ती रचना होती, पण खोटी. एकाही समीक्षकाने मला हटकले नाही.

नक्कल म्हणण्याची किंमत कोणी मोजली, तेही पाहू. पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून सुमारे १७० चित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपून ठेवलेली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथही लिहिला. गिब्सनचे नाव राहिले, झाडांची लॅटिन नावे राहिली. ज्याने ती डोळ्यांनी पाहून कागदावर उतरवली, त्याचे नाव मात्र उरलेले नाही. नक्कल करणाऱ्याचे नाव कोण लिहून ठेवतो?

म्हणून माझ्या वर्गातले एखादे मूल रंगपेटी घेऊन पानापुढे बसले, की मी त्याला सांगतो: आधी दले मोज, शिरा मोज, मग रंग दे. चित्राखाली झाडाचे नाव लिही, गाव आणि तारीख लिही. आणि शेवटी, न लाजता, आपलेही नाव लिही.