मुखातली लिपी

एक आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकापासून सरळ खाली उतरणारी दुसरी. कोरियन लिपीच्या, म्हणजे हांगुलच्या व्यंजनमालेतले हे पहिले अक्षर. त्याचा ध्वनी आपल्या ‘क’ आणि ‘ग’ यांच्या सीमेवर वसलेला. तो आपण सावकाश उच्चारून पाहावा. जिभेचे मूळ उंच उठते, कंठाची वाट अडवते आणि जीभ तिथून पुढे पसरते. डावीकडे तोंड केलेल्या माणसाच्या मुखात या क्षणी जीभ जो कोन साधते, तोच कागदावर उमटला आहे. आता ‘न’ म्हणावा: जिभेचे टोक वर टाळूला टेकते, बाकीची जीभ खाली आडवी राहते, आणि अक्षरही डावीकडून खाली उतरून उजवीकडे वळते. ‘म’ला मिटल्या मुखाचा चौकोन, ‘स’ला दातासारख्या वर जुळलेल्या दोन तिरक्या रेघा, कंठाला पूर्ण वर्तुळ. या पाच आकृत्यांतून सारी व्यंजने उमलतात.

उमलण्याची रीतही किती समंजस! उच्चार जोरकस झाला, की अक्षरात रेघेची भर पडते. पहिल्या अक्षराच्या पोटात एक आडवी रेघ आली, की श्वासाचा झोत घेऊन ‘ख’ अवतरतो. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाठ केलेल्या आपल्या कानांना हे नाते ओळखीचे वाटते, आणि ते उगीच नव्हे. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये पोहोचलेल्या भारतीय ध्वनिविचाराचा संस्कार तिथल्या ध्वनिशास्त्रामार्गे कोरियातही गेला होता. आपल्याकडे ‘क’ आणि ‘ख’ यांचे सख्य वर्णमालेतल्या शेजारामुळे कळते. हांगुलमध्ये ते चेहऱ्यावरच दिसते.

स्वरांकडे वळताच शरीरशास्त्र मागे राहते आणि विश्वदर्शन सुरू होते. गोल ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी, उभी रेघ म्हणजे माणूस. ठिपका पृथ्वीच्या वर आला की ‘ओ’, खाली गेला की ‘उ’. माणसाच्या उजवीस आला की ‘आ’, डावीस गेला की ‘अ’च्या जवळचा स्वर. पुढे कुंचल्याच्या ओघात त्या ठिपक्याची आखूड रेघ झाली, पण अर्थ टिकला: वरचे आणि उजवीकडचे स्वर उजळ, खालचे आणि डावीकडचे गडद. कोरियन माणूस लहानसा खडा पाण्यात पडला की ‘फोंगदांग’ म्हणतो, जड काही कोसळले की ‘फुंगदंग’. व्यंजने तीच, केवळ स्वर उजळाचे गडद झाले आणि पाण्याची खोली वाढली. हा सारा पालट डोळ्यांना दिसतो तो दोन इवल्या रेघांनी जागा बदलल्यामुळे.

हे वर्ण एका ओळीत सुटे उभे राहत नाहीत. प्रत्येक अक्षरासाठी ते एका अदृश्य चौकटीत एकत्र येतात. वसंत ऋतूला कोरियनमध्ये ‘बोम’ म्हणतात. वर ‘ब’, म्हणजे ‘म’च्याच चौकोनाच्या उभ्या बाजू वर वाढलेल्या, मध्ये उजळ ‘ओ’, तळाशी मिटलेला ‘म’. ओठ उघडतात, गोलावतात, पुन्हा मिटतात, आणि नजर वरून खाली येताना नेमका हाच प्रवास करते.

हे सारे राजा सेजोंगने 1443 साली सिद्ध केले आणि 1446 मध्ये प्रजेला दिले. मूळचे वर्ण 28. आज त्यांतले 24 वापरात आहेत. चिनी लिपी शिकायला ज्यांना सवड नव्हती, त्यांना मनातले लिहिता यावे ही त्याची तळमळ होती. अक्षरांच्या आकारांचे मर्म सांगणारा मूळ ग्रंथ मात्र पुढे दृष्टीआड झाला. खिडकीच्या जाळीवरून हे आकार सुचले असावेत, असेही तर्क झाले. 1940 मध्ये आन्दोंग परिसरात त्या ग्रंथाची प्रत सापडली. जपानी अमलाखाली शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली होती, त्या काळात संग्राहक जॉन ह्यॉंग-पिल यांनी ती विकत घेऊन जिवापाड जपली.

ग्रंथ हरवला होता, तरी त्याचा आधार प्रत्येकाच्या मुखात शाबूत होता, हे मला या लिपीचे सर्वांत मोठे वैभव वाटते. ‘न’ म्हणताना दरबारी पंडिताची जीभ टाळूला जशी टेकते, तशीच नांगर धरणाऱ्याचीही टेकते. म्हणून जिभेवरून घडवलेली अक्षरे जितकी एकाची, तितकीच दुसऱ्याची. सेजोंगची करुणा वेगळ्या शब्दांत शोधावी लागत नाही. ती या अक्षरांच्या घडणीतच आहे.