प्राणवायूचें चरित्र आणि समुद्राचें अन्न

डोनाल्ड कॅनफील्ड यांचा ‘ऑक्सिजन : ए फोर बिलियन इयर हिस्टरी’ हा इंग्रजी ग्रंथ प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें २०१४ सालीं प्रसिद्ध केला. आपण घेतों त्या श्वासाची ही पूर्वपीठिका ग्रंथकारांनीं घरगुती बोलण्याच्या सुरांत सांगितली आहे, आणि पांचव्या प्रकरणांतील प्राणवायूचा जमाखर्च तर विशेष वाचनीय आहे. हरित जीव प्राणवायु सोडतात. त्यांचीं कलेवरें कुजतांना तो पुन्हां खर्चीं पडतो. जें सेंद्रिय द्रव्य कुजण्यापूर्वींच गाळांत गाडलें जातें, मुख्यतः त्याच्याच प्रमाणांत वातावरणांत शिल्लक उरते. एवढें ध्यानीं ठेवलें म्हणजे पुढील वाट सोपी होते.

आम्हांस बोलावयाचें आहे तें दहाव्या प्रकरणासंबंधीं. पृथ्वीवर जीव तीनशें कोटींहून अधिक वर्षें सूक्ष्म राहिला आणि प्राणी इतक्या उशीरा कां अवतरले, हा प्रश्न जुना आहे. प्राणवायूच्या अभावीं ते खोळंबले होते, असें उत्तर नर्सल यांनीं १९५९ सालींच सुचविलें होतें. खुद्द ग्रंथकारांनीं २००७ सालीं पोल्टन व नार्बोन यांच्यासह न्यूफाउंडलंडमधील ॲव्हलॉन द्वीपकल्पाचे खडक तपासून त्यास बळकटी आणली. ५८ कोटी वर्षांपूर्वींचें हिमयुग ओसरल्यावर तेथील खोल समुद्रांत प्राणवायु पोंचला, आणि लवकरच मोठ्या मृदुकाय जीवांचे ठसे उमटूं लागले, असा त्यांचा निष्कर्ष. प्राणवायु आला, प्राणी आले! इतकी सुबक गोष्ट पाहिली कीं आम्हांस थोडी शंका येते.

शंकेस आधारही ग्रंथकारांनींच पुरविला, हें त्यांस भूषणावह होय. २०१४ सालींच मिल्स यांच्या पुढाकारानें त्यांनीं डेन्मार्कच्या एका खाडींतील स्पंज प्रयोगशाळेंत ठेवून पाहिला. आजच्या वातावरणाच्या मानानें शेंकडा ०.५ ते ४ इतकाच प्राणवायु असतांही तो जगला. मग प्राणी कशासाठीं खोळंबले होते? धांवून भक्ष्य पकडणाऱ्यास अधिक प्राणवायु लागतो, हें खरें. आजही प्राणवायु विरळ असलेल्या समुद्रतळावर मांसाहारी कृमि थोडेच आढळतात. पण स्पंजास जें पुरतें, त्यावर पहिला प्राणी कां निभावूं नये?

आमच्या मतें येथें अन्नाचा विचार पुढें यावयास हवा. ब्रॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांतील प्राचीन खडकांत टिकलेल्या स्निग्ध द्रव्यांचे अवशेष तपासले. त्यांवरून ६५.९ ते ६४.५ कोटी वर्षांपूर्वींच्या काळांत समुद्रांत शैवालांचें प्राबल्य एकाएकीं वाढल्याचें दिसतें. तोंवर सारा संसार सूक्ष्मजंतूंच्या पातळ पेजेवर चालला होता. त्याआधीं सुमारें साडेपांच कोटी वर्षें पृथ्वी बर्फानें वेढलेली होती. त्या हिमानें भरडलेल्या खडकांतील फॉस्फरस वितळत्या पाण्याबरोबर समुद्रास मिळाला, आणि शैवालांस जणूं खत लाभलें, असा त्यांचा तर्क आहे. ग्रंथ त्यापूर्वींचा, तेव्हां या शोधाबद्दल ग्रंथकारांस दोष देतां येत नाहीं. परंतु ज्या ग्रंथाचा नायक शीर्षकापासूनच ठरलेला, त्यांत अन्नास दुय्यम भूमिका मिळावयाचीच.

शिवाय अन्न आणि प्राणवायु हे नेहमीं सख्ख्या भावांसारखे नांदत नाहींत. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यांत खालचें पोषक परंतु प्राणवायूनें दरिद्री पाणी वर येतें. वनस्पति माजतात, मरून खालीं जातात, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तळाजवळील पाण्यांत प्राणवायु जवळजवळ उरत नाहीं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २००० सालीं हें जगापुढें मांडलें. म्हणजे जें खत दीर्घ काळांत वातावरणाची शिल्लक वाढवितें, तेंच तूर्त समुद्रतळाचा श्वास कोंडतें.

लेंटन व त्यांचे सहकारी तर २०१४ सालीं याहून पुढें गेले. मोठ्या पेशींचे शैवाल जलद तळाशीं बसूं लागले, स्पंज पाणी गाळूं लागले, आणि या व्यापारांमुळेंच खोल समुद्रांत प्राणवायु उरूं लागला, असें त्यांचें म्हणणें. हें खरें ठरल्यास प्राणी प्राणवायूचे केवळ पाहुणे नव्हेत, काहीं अंशीं यजमानही ठरतात, आणि न्यूफाउंडलंडच्या खडकांत कारण कोणतें व कार्य कोणतें हें पुन्हां तपासावें लागेल. कॅनफील्ड यांचा ग्रंथ आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावा. मात्र दहावें प्रकरण वाचतांना पांचव्यांतील जमाखर्च उघडा ठेवावा.