सात जोडप्यांनंतर कोण?

आपल्या समाजात घराण्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस पहिल्याच पानावर गलबत फोडतो. नवगावचा किनारा, वादळ, वाचलेले सात पुरुष व सात स्त्रिया, बुडालेल्यांची दोन थडगी. पान उलटले की आजोबा जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला लागलेले असतात. मध्ये सुमारे दोन हजार वर्षे गेली, ती एका कोऱ्या ओळीत.

आम्ही जन्मभर मराठी शिकवले, म्हणून अशा वह्या आमच्याकडे ‘जरा शुद्धलेखन बघा’ म्हणून येतात. शुद्धलेखन बघतो. पण खरी चूक ऱ्हस्वदीर्घाची नसते. ती काय असते हे आम्हांला इतकी वर्षे नीट सांगता येत नव्हते. ते सांगितले आमच्या नातवाने. तो नेदरलँड्समध्ये कापेल आन डेन आयसेल येथे राहतो. गाव रॉटरडॅमला अगदी लागून, मेट्रोने जाता येते. लेकीकडे आम्ही गेलो होतो तेव्हा त्याला शाळेत ‘स्टामबोम’ म्हणजे वंशवृक्ष करून आणायला सांगितले होते, आणि सोबत घराण्याची एक गोष्ट लिहायची होती. आम्ही मोठ्या उत्साहाने गलबत फोडले. त्याने लिहून घेतले आणि विचारले, “आजी, सात जोडप्यांनंतर कोण?”

त्या देशात या प्रश्नाला उत्तर असते. १८११ सालापासून तेथे जन्म, लग्न, मृत्यू यांच्या सरकारी नोंदी आहेत. जन्माची नोंद शंभर वर्षांनी, लग्नाची पंच्याहत्तर वर्षांनी, मृत्यूची पन्नास वर्षांनी कोणालाही बघता येते. नातवाच्या वर्गातली मुले संगणकावर बसून खापरपणजोबांपर्यंत पोहोचत होती. आपल्याकडे आडनाव गाव सांगते, केहिमकर किहीमचे, दिवेकर दिव्याचे, पण माणूस सांगत नाही.

तेव्हा कापेलच्या त्या मुक्कामात आपल्या लोकांवरची आणि आपल्या लोकांची पुस्तके पुन्हा काढली. कोणी ही कोरी ओळ कशी भरली, एवढेच पाहायचे ठरवले.

पहिले अर्थात हाइम सॅम्युएल केहिमकर. मुंबईत १८७५ साली इस्रायली शाळा काढणाऱ्यांतले हे अग्रणी. त्यांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली तेल अवीवला, डॉ. ओल्सवांगर यांच्या हातून. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले, हे आपल्या समाजाला शोभले नाही, पण ते असो. आमचे मत स्पष्ट सांगायचे तर केहिमकरांचा इतिहास जेथे सिद्ध करायला जातो तेथे पांगळा होतो आणि जेथे नुसते सांगतो तेथे उभा राहतो. आपले पूर्वज अँटायोकसच्या छळातून निघाले, इसवीसनापूर्वी १७५च्या सुमारास, हे ते वकिलासारखे मांडतात. दावीद राहाबी आले, त्यांनी माशांची परीक्षा घेतली, झिराटकर, शापूरकर, राजपूरकर यांना काजी नेमले, ही हकिगत ते शेकडो वर्षे मागे नेतात. हे राहाबी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या घराण्यातले असे म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि आम्हांला त्यांचे म्हणणे अधिक पटते. परंतु तेच केहिमकर सणांकडे वळले की पाहा. दारफाळणीचा सण, अनाशी धाकाचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. योम किप्पूर हा शब्दही ठाऊक नसताना आपल्या बायका त्या दिवशी दार लावून घरात बसत होत्या. कोऱ्या ओळीत राहणारी माणसे येथे भेटतात. वह्या लिहिणारे मात्र केहिमकरांची वकिली उचलतात आणि बिरडे सोडून देतात.

त्या ओळीवर उजेड टाकणारा एक कागद हॉलंडला गेला होता, हे आपल्यातल्या थोड्यांना माहीत असेल. कोचीनचे यहेझकेल राहाबी डच कंपनीचे मोठे व्यापारी. त्यांनी १७६८ साली हॉलंडमधले सावकार टोबियास बोआस यांना हिब्रूत पत्र लिहिले. त्यात मराठ्यांच्या आणि मोगलांच्या मुलखात पसरलेल्या बेने इस्राएलांचा उल्लेख आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवतात, काही शिपाईगिरी करतात, शमा तेवढी म्हणतात आणि शनिवार पाळतात, असा. किती थोडे शब्द, पण एकही शब्द आपल्याला मोठे करण्यासाठी नाही, लहान करण्यासाठीही नाही. दोन मुद्द्यांत घराणे दिसते: घाणा आणि शनिवार. ‘शनिवार तेली’ हे नाव लपवून ‘आमचे पूर्वज व्यापारी होते’ असे लिहिणाऱ्यांनी हे पत्र डोळ्यांसमोर ठेवावे.

कादंबरी लिहिणाऱ्यांची गोष्ट निराळी. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ एस्थर’ २००२ साली आली. ती कोकणातल्या दांडा गावच्या बाथशेबापासून सुरू होते आणि पिढ्या उतरत लेखिकेपर्यंत येते. कोरी ओळ त्यांनी कल्पनेने भरली, आणि पुस्तकावर कादंबरी असे म्हटले, म्हणजे हिशोब चोख. बाथशेबाचा भाग आम्हांला सर्वांत आवडला, कारण तेथे घर चालवणारी बाई आहे. आपल्या वह्यांत बाईचे फक्त लग्न होते. तक्रार लेखिकेबद्दल नाही, वाचकांबद्दल आहे. एका वहीत आम्हांला बाथशेबा भेटली, दुसऱ्याच आडनावाची पणजी बनून! कादंबरीतली माणसे उसनी घेऊन वंशवृक्षात बसवू नयेत. शीला रोहेकर यांची हिंदी ‘मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा’ (२०१३) वृद्धाश्रमातल्या बाईच्या तोंडून घराणे सांगते. आपल्या वयाच्या वाचकांनी ती जरूर मिळवावी. सांगणारीला ऐकणारा उरलेला नाही, ही तिची बैठक आपल्याला परकी वाटणार नाही.

तिसरे पुस्तक सादिया शेपर्ड यांचे, ‘द गर्ल फ्रॉम फॉरिन’, २००८. आई पाकिस्तानी मुसलमान, वडील अमेरिकन ख्रिस्ती, आणि आजी? आजी राहत सिद्दिकी ही मूळची रेचल जेकब्स, आपली. नातीने आजीला दिलेल्या शब्दासाठी मुंबई गाठली, कोकणात राहिलेल्या मोजक्या कुटुंबांत गेली. आपल्यातल्या काहींनी नाक मुरडले की हिला आपले काय कळणार. आम्ही उलट म्हणतो. तिला कळत नव्हते म्हणून तिने विचारले. मुंबईची वर्णने जागोजागी पाहुण्याच्या डोळ्यांची आहेत, हे खरे, आणि ती पाने आम्ही भरभर उलटली. पण एका बाईची दोन नावे, आणि दोन्ही खरी, हे तिने जसे धरून ठेवले आहे तसे आपल्या कोणत्याही वहीत आम्ही पाहिलेले नाही. आपण दुसरे नाव खोडतो.

का खोडतो? येथे आम्हांला थोडे मागे जावे लागेल. पूर्वजांचा शोध हा इतरांना छंद असेल. आपल्याला तो एकदा हुकूम म्हणून आला होता. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्राएलांच्या बाबतीत आईच्या बाजूने शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. १९६४च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये कनेसेटने ठराव केला आणि त्या महिन्याच्या अखेरीस सूचनेतून आपले नाव वगळले गेले. हे इतिहासात आहे. त्या दोन वर्षांत घराघरांतून काय लिहिले गेले ते इतिहासात नाही.

आमच्या घरात एक पत्र आहे. आमची थोरली आत्या आमच्या आधी आली होती, तिचे लग्न १९६३ साली ठरले. नोंदणीच्या कचेरीत तिला आजीचे नाव विचारले. आजीचे नाव सखूबाई. आत्याने ‘रिवका’ सांगितले, आणि घरी पत्र लिहिले की कोणी विचारले तर हेच सांगा. वडिलांनी ते पत्र जपले आणि आम्हां भावंडांना रिवका शिकवली. आम्ही स्वतः आमच्या वहीत पंधरा पाने लिहिली आहेत, त्यात सखूबाई नाही. दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई चालवणाऱ्यांनी हे सांगितलेच पाहिजे.

यात एक विनोद आहे, तो आत्याला कोणी सांगितला असता तर तिची भीती कमी झाली असती. केहिमकरांनीच दाखवले आहे की शमुवेलचा सामाजी झाला, यहेझकेलचा हसाजी, मोशेचा मुसाजी. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे शमुवेल दिवेकर गावात सामाजी हसाजी होते. मग सखूबाई नावावरून काय सिद्ध होते? काहीच नाही. ती आपल्या जातीत जन्मलेली असेल, नसेलही. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद आपणच पाळला, एकत्र जेवलो नाही, मुली दिल्या-घेतल्या नाहीत, हेही केहिमकरांच्या पुस्तकात आहे. आणि आमच्याकडे आलेल्या एकाही वहीत एकही काळा पूर्वज नाही. सगळेच गोरे असते तर भेद पाळला कोणाशी?

आम्हांला वाटते वह्यांची खरी चूक ही आहे. त्या नातवंडांसाठी लिहिल्या असे पहिल्या पानावर म्हटलेले असते, पण लिहिताना समोर कचेरीतला तो माणूस बसलेला असतो. साठ वर्षे झाली तरी तो उठलेला नाही. त्याला गलबत चालते, रेल्वेतले आजोबा चालतात, सखूबाई चालत नाही.

कोणाला लिहायचे हे ठरले की काय होते, याचे एक उदाहरण रॉटरडॅमचे आहे. तेथे जन्मलेले इतिहासकार इसाक लिप्शित्स लहानपणी लपून वाचले, आईवडील आउशवित्सला गेले. १९९२ साली त्यांनी आठवणी लिहिल्या त्या मेलेल्या आईला पत्रे म्हणून. पुस्तकाचे नाव ‘ऑनबेस्टेलबार’, म्हणजे टपालखाते परत पाठवते ते पत्र, पोहोचवता न येणारे. जावईबापूंनी आम्हांला ते डचमधून वाचून सांगितले. आईला पत्र लिहायचे तर तिला ठाऊक असलेले पुन्हा सांगावे लागत नाही, आणि तिच्यापुढे मोठेपणा मिरवता येत नाही. पुढे याच गृहस्थांच्या पुढाकाराने २००५ साली नेदरलँड्समधल्या मारल्या गेलेल्या एक लाखावर यहुद्यांचे संगणकावरचे स्मारक झाले. तेथे प्रत्येकजण आपल्या घरच्यांसोबत, आपल्या पत्त्यावर नोंदलेला आहे. कित्येक घरांपुढे सामानाची यादीही आहे: खुर्च्या, पलंग, भांडी. ती यादी केली होती घर लुटायला आलेल्यांनी. लिप्शित्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फेकली नाही, माणसांच्या नावाशेजारी ठेवली. हे पाहिल्यावर आम्हांला आत्याचे पत्र वेगळे दिसू लागले. ते खोटे नाव सांगणारे पत्र आहे, पण आमच्या घरात सखूबाईचे नाव लिहिलेला तो एकमेव कागद आहे. ‘सखूबाई सांगू नका,’ असे लिहायला तिला सखूबाई लिहावेच लागले.

वह्या लिहिणाऱ्यांना म्हणून आमच्या सूचना थोड्याच. गलबत शेवटी घ्या, किंवा घेऊच नका, ते सर्वांचे आहे. ज्या माणसाचा आवाज तुम्ही स्वतः ऐकला आहे तेथून सुरुवात करा. आजीने चिकाचा हलवा ढवळायला कोणाला बसवले, मलिद्याचे ताट कोणाच्या हाती दिले, घाणा कधी बंद पडला. ऐकीव आहे तेथे ‘ऐकले आहे’ असे लिहा, त्याने कमीपणा येत नाही. केतुबा घरात असेल तर तिची नक्कल वहीत लावा, आणि खोडलेले नाव असेल तर तेही ठेवा.

नातवाच्या स्टामबोममध्ये शेवटी एका चौकटीत दोन नावे गेली. वर सखूबाई, खाली रिवका, आणि रिवकाच्या पुढे ‘१९६३पासून’. त्याच्या बाईंनी विचारले तेव्हा त्याने काय सांगितले ते आम्हांला कळले नाही, सगळे डचमध्ये झाले. आता तो विचारतो आहे की सखूबाई कोणत्या गावची. पत्रात ते नाही. आम्ही म्हणतो नागाव, अश्दोदची आमची चुलतबहीण म्हणते नवगाव. तिच्याकडे काही कागद आहेत म्हणे, पेसाहनंतर काढते म्हणाली आहे.