अहवालातला कर्ता कोण?

हिंदी बातम्यांमुळे ‘मानवाधिकार’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. पण आपल्या राज्यातल्या आयोगाचं नाव ‘महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग’ असं आहे आणि ते मला जास्त योग्य वाटतं. मराठीत अधिकार हा अधिकाऱ्याकडे असतो. हक्क मात्र कुणाकडेही असू शकतो. आपण ‘हक्काचा माणूस’ म्हणतो, ‘हक्कानं सांग’ म्हणतो. या शब्दात कायद्याच्या आधी नातं आहे: ज्याच्यापुढे संकोच न करता मागता येतं, त्याच्यावर आपला हक्क असतो. मी विक्रोळीत राहतो. इथे प्रत्येक निवडणुकीत आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक फलकावर ‘हक्काचं घर’ हे दोन शब्द असतातच. त्यामुळे हा शब्द वापरणाऱ्याला मी लगेच विचारतो: कुणाचा हक्क, कुणावर, आणि मागायचं कुणाकडे?

हाच प्रश्न मी विद्यापीठांतल्या मानवी हक्क संस्थांच्या वार्षिक अहवालांना विचारू इच्छितो. गेली काही वर्षं असे अहवाल मी आवडीनं वाचतो आहे. वाङ्मयप्रकार म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण त्यांना स्वतःची शैली आहे, ठरलेली रचना आहे, ठरावीक पात्रंही आहेत. सुरुवातीला संचालकांचं मनोगत. मग संशोधन प्रकल्प, प्रकाशनं, कार्यशाळा. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाचं व्याख्यान. शेवटी छायाचित्रं: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सभागृहातल्या पाठमोऱ्या खुर्च्या. वर्षभरात किती कार्यक्रम झाले आणि किती लोक सहभागी झाले याचा तक्ता. हे सगळं खरं असतं, त्यामागे बरीच मेहनत असते, आणि तरीही वाचून झाल्यावर त्या वर्षात कुणाचा कोणता हक्क कुणी हिरावला हे सांगता येत नाही.

याचं एक कारण व्याकरणात आहे. सरकारी मराठीनं आपल्याला ‘करण्यात आले’ ही क्रियापदाची सोय दिली आहे. ‘कार्यशाळा घेण्यात आली’, ‘शिफारशी सादर करण्यात आल्या’. कर्ता गायब. पोलिसांच्या पत्रकातही हीच रचना असते: ‘जमावाला पांगवण्यासाठी गोळीबार करण्यात आला.’ कुणी केला? आदेश कुणी दिला? वाक्य बोलत नाही. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेनं जर हेच वाक्य उचललं, तर तिनं नकळत ज्याची चौकशी करायची त्याचीच भाषा घेतली असं होतं.

हे उदाहरण मी हवेतून घेतलेलं नाही. विक्रोळीहून पूर्व द्रुतगती मार्गानं दक्षिणेकडे निघालं की थोड्याच वेळात घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर लागतं. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे ते बघून आले आणि चार दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी गुंडेवार आयोगानं केली. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली ती मे २००९ मध्ये. म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयानं त्या शिक्षेला स्थगितीही दिली.

आता ही घटना वार्षिक अहवालात कुठे बसवायची? १९९७-९८ च्या अहवालात ती ‘घटना’ असेल, २००९-१० मध्ये ‘निकाल’. मधली अकरा वर्षं कुठल्याच अहवालात नसतील, कारण त्या वर्षांत काहीच ‘घडलं’ नाही. खरं तर तेव्हाच सगळ्यात जास्त घडत होतं: तारखा पडत होत्या, साक्षीदार म्हातारे होत होते, बसची, रजेची, वकिलाची व्यवस्था बघत घरं चालत होती. अन्यायाला आर्थिक वर्ष नसतं. आनंद पटवर्धनांनी घोगरे यांच्यापासून सुरुवात करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला, तो पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. हा चित्रपट मला त्या प्रकरणाचा आजवरचा सर्वांत चांगला ‘अहवाल’ वाटतो, आणि त्यात त्या लांबलेल्या काळाचा मोठा वाटा आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेनंही १९९९ च्या आपल्या भारतातल्या जातीय हिंसेवरच्या अहवालात रमाबाई नगरला जागा दिली, तिथल्या रहिवाशांचं म्हणणं नोंदवलं. पण तो इंग्रजीत आहे. ज्यांनी साक्ष दिली त्यांच्यापैकी कितीजण तो वाचू शकले असतील?

इथे कुणी म्हणेल की अहवाल हा अहवालच असणार, त्याच्याकडून चित्रपटाची अपेक्षा कशी करायची? मान्य. म्हणून मी तुलनेसाठी दोन अहवालच घेतो.

पहिला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींची चौकशी करायला हा आयोग नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये तो सरकारनं गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू करावा लागला, फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला. ९०० मृत्यू. त्याची मांडणी पोलीस ठाण्यांनुसार आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला आपली गल्ली, आपला नाका शोधता येतो. आणि त्यातल्या वाक्यांना कर्ता आहे. कोणत्या अधिकाऱ्यानं काय केलं, काय करायला हवं होतं आणि केलं नाही, हे नावानिशी लिहिलं आहे. ३१ पोलिसांवर त्यात ठपका आहे. तत्कालीन युती सरकारनं हे निष्कर्ष फेटाळले, त्यावर पुढे जे व्हायला हवं होतं त्यातलं फार थोडं झालं. तरी पंचवीस वर्षांनंतरही तो अहवाल उघडला की तो कुणाकडे बोट दाखवतो हे कळतं.

दुसरा अहवाल एका विद्यापीठाचा आहे. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये सुरू झाली आणि १९६४ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तिच्या ‘कोशिश’ या क्षेत्रीय प्रकल्पानं बिहार सरकारच्या सांगण्यावरून राज्यातल्या ११० निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये अहवाल दिला. त्यात सतरा संस्थांबद्दल गंभीर चिंता व्यक्त केली होती. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाबद्दलचा मजकूर थोडकाच होता: तिथल्या मुलींनी लैंगिक अत्याचार होत असल्याचं सांगितलं आहे, तातडीनं चौकशी व्हावी. ३१ मे रोजी गुन्हा दाखल झाला. तपास सीबीआयकडे गेला, सर्वोच्च न्यायालयानं खटला दिल्लीला हलवला, आणि जानेवारी २०२० मध्ये विसापैकी एकोणीस आरोपी दोषी ठरले.

हा मजकूर मला मराठी-इंग्रजी कुठल्याही मानवी हक्क संस्थेच्या कामाचा मापदंड वाटतो. शंभराहून जास्त संस्थांच्या तपशिलात तो बुडून जाऊ शकला असता. ‘काही संस्थांमध्ये सुधारणेस वाव आहे’ असं लिहून लेखकांना सुटता आलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा काम मिळण्याच्या दृष्टीनं ते सोयीचंही झालं असतं. त्यांनी संस्थेचं नाव लिहिलं, मुलींची नावं लिहिली नाहीत. कर्मणी प्रयोगाबद्दल मी वर तक्रार केली, तिला इथे एक पुस्ती जोडायला हवी: झाकायचंच असेल तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याला झाकावं, ज्यानं केला त्याला नाही. आपल्या बहुतेक अहवालांत हे उलटं होतं. पीडितेचा फोटो मुखपृष्ठावर असतो आणि अधिकारी ‘संबंधित यंत्रणा’ होतो.

टाटा संस्थेकडे हे अपघातानं आलेलं नाही. १९८४ मध्ये तिनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. मारहाण झालेली बाई पोलिसांकडे आली की तिथेच तिच्याशी बोलायला समाजकार्यकर्ती असेल, एवढी साधी कल्पना. पुढे राज्य शासनानं ती स्वीकारली आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. १९९० मध्ये ‘प्रयास’ सुरू झालं, ते तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांसोबत काम करतं. या दोन्ही ठिकाणी संशोधन आणि लोकांत जाणं हे वेगळे विभाग नाहीत. पोलीस ठाण्यातल्या टेबलाशी रोज बसणाऱ्या माणसालाच कळतं की तक्रार कुठे अडते, तो ते लिहितो, आणि लिहिलेलं त्याच टेबलावर परत येतं. बाकीच्या अहवालांत ‘लोकसहभाग’ या शीर्षकाखाली जे येतं ते पुष्कळदा एकाच दिशेनं जातं: संस्थेकडून सभागृहाकडे.

आमच्या वसाहतीत एकदा अशाच एका संस्थेची मुलं प्रश्नावली घेऊन आली होती. घरात किती माणसं, पाणी किती वेळ, शौचालय कुठे, पुनर्विकासाच्या करारावर सही केली का. मुलं चांगली होती, उन्हातान्हात जिने चढत होती. शेजारच्या काकूंनी त्यांना सरबत दिलं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग विचारलं, “बाळांनो, हे लिहून झाल्यावर आम्हाला वाचायला मिळेल का?” मुलांनी एकमेकांकडे बघितलं. ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोष मुलांचा नाही. पण काकूंचा प्रश्न साधा होता आणि तो हक्काचा होता. माहिती त्यांची, घर त्यांचं.

विक्रोळीत अशा वाचकांची कमतरता नाही. कन्नमवार नगर आणि टागोर नगरच्या म्हाडा इमारतींत पुनर्विकासाचे करार पानं उलटून उलटून वाचले जातात. पार्कसाइटच्या डोंगरउतारावर जुलै २०२१ च्या एका रात्री सूर्यानगरमधली घरं कोसळली आणि माणसं गाडली गेली. त्या एका रात्रीच्या पावसानं मुंबईत तीसच्या आसपास जीव घेतले. दर पावसाळ्याआधी तिथे नोटिसा लागतात. घर सोडून जायचं कुठे, हे नोटिशीत नसतं. रमाबाई नगरमध्ये आता हजारो झोपड्यांचं पुनर्वसन चालू आहे, पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे न्यायचा आहे. यादीत कुणाचं नाव आलं, कुणाचं राहिलं, कोणता पुरावा चालला, कोणता नाही: हे सगळे मानवी हक्कांचेच प्रश्न आहेत, आणि त्यांवर मराठीत दोन पानं लिहून दिली तर ती शंभरदा झेरॉक्स होऊन फिरतील.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वार्षिक अहवाल लिहिणारे लोक तो माझ्यासाठी लिहीत नाहीत. तो अनुदान आयोगासाठी, मूल्यांकनासाठी, देणगीदारांसाठी असतो. त्यांना तक्ता हवा असतो. तक्ता नसेल तर पैसे थांबतात, आणि पैसे थांबले की काय होतं हे २०२४ च्या जूनमध्ये टाटा संस्थेतच दिसलं. निधी न आल्याचं कारण देऊन शंभरावर कंत्राटी प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांना काम संपल्याची पत्रं गेली. गदारोळ झाल्यावर दोनच दिवसांत ती मागे घेतली गेली. ज्यांची स्वतःची नोकरी दर वर्षी नव्यानं ठरते, त्यांनी इतरांच्या हक्कांबद्दल ठाम कर्तरी वाक्यं लिहावीत ही अपेक्षा सोपी नाही. कर्ता गाळण्याची सवय नुसत्या आळसातून येत नाही, ती भीतीतूनही येते. हे समजून घेतलं की अशा अहवालांची टवाळी करावीशी वाटत नाही. पण मग एवढं तरी म्हणावंसं वाटतं की मुझफ्फरपूरबद्दल लिहिणारेही अशाच प्रकल्पातले, अशाच निधीवरचे लोक होते.

जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात पुरुषवाचक शब्द होता. तो बदलून सर्व मानवांना सामावणारा शब्द यावा, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात हंसा मेहता यांनी आग्रह धरला. त्याच सुमारास त्या मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. त्या वर्षीच्या विद्यापीठाच्या तक्त्यात ही गोष्ट कोणत्या रकान्यात बसली असती, कोण जाणे. एक शब्द बदलला, उपस्थिती शून्य.

तेव्हा माझी मागणी माफक आहे. संस्थांनी तक्ता द्यावाच, तो लागतो. त्यासोबत तीन पानं जादा द्यावीत. पहिल्यावर या वर्षी आम्हाला काय कळलं ते, कर्त्यासह. दुसऱ्यावर जुन्या प्रकरणांची यादी, जी अजून संपलेली नाहीत आणि कुठे अडली आहेत. तिसरं पान मराठीत, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासाठी, त्यांच्या वस्तीतल्या फलकावर लावण्याजोगं. आमच्या काकू ते पान नक्की वाचतील. त्यात चूक सापडली तर सांगायलाही येतील.