विद्युत बँजोचे मूल्यमापन : नाद, घडण आणि वादनसुलभता
(घनदेही विद्युत गिटारच्या संदर्भात)

प्रस्तावना

लग्नाची वरात, गणेशविसर्जनाची मिरवणूक, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि कव्वालीचा मंच या साऱ्या प्रसंगी महाराष्ट्रात बँजो हे वाद्य वाजत आले आहे. ढोल, ताशा, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांच्या गजरातही गाण्याची चाल ओळखू येते ती अनेकदा बँजोमुळे. असे असूनही या वाद्याचा वाद्य म्हणून गांभीर्याने विचार झालेला फारसा आढळत नाही. अभिजात संगीताच्या अभ्यासकांनी त्याला खेळणे मानले, तर सुशिक्षित नागरिकांनी गोंगाट मानले. रवी जाधव यांच्या २०१६ मधील ‘बँजो’ या हिंदी चित्रपटाने वादकाच्या सामाजिक उपेक्षेकडे लक्ष वेधले. परंतु वाद्याचे गुणदोष हा त्या चित्रपटाचा विषय नव्हता.

प्रस्तुत लेखात विद्युत बँजोची चिकित्सा नाद, घडण आणि वादनसुलभता या तीन निकषांवर केली आहे. हे निकष घनदेही विद्युत गिटारच्या मूल्यमापनात रूढ आहेत. दोन्ही वाद्यांत पोलादी तार, पडदे, पिकअप आणि अॅम्प्लिफायर ही समान अंगे असल्यामुळे ही तुलना अप्रस्तुत ठरत नाही. बँजोचे विद्युतीकरण अर्ध्यावर थांबले आहे आणि त्याच्या बहुतेक दोषांचे मूळ या अपुरेपणात आहे, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे.

वाद्याची कुळकथा

महाराष्ट्रातील बँजोचा अमेरिकेतील चामडे मढविलेल्या बँजोशी केवळ नावापुरता संबंध आहे. आपला बँजो म्हणजे मुळात बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज ‘ताइशोगोतो’ हे जपानी वाद्य होय. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ते तयार केले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ताइशो राजवटीवरून त्याला हे नाव मिळाले. लांबट लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारख्या पट्ट्या अशी त्याची रचना आहे. डाव्या हाताने पट्टी दाबली की तार पडद्यावर टेकते आणि उजव्या हातातील नखीने ती छेडली जाते. भारतात या रचनेला सतत आधारस्वर देणाऱ्या साथीच्या तारा जोडल्या गेल्या. बलुचिस्तानात हेच वाद्य आकाराने वाढून ‘बेंजू’ झाले. महाराष्ट्रात त्याला पिकअप लावला गेला आणि ते घरातून रस्त्यावर आले.

तुलनेचा आधार : घनदेही गिटार

गिटारचा प्रवासही पोकळ पेटीपासून सुरू झाला. नृत्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकू येईना, म्हणून तिला पिकअप लावण्याचे प्रयोग झाले. १९३१-३२ मध्ये रिकनबॅकर कंपनीने चुंबकीय पिकअप असलेली हवाईयन पद्धतीची गिटार बाजारात आणली. पिकअपचे तत्त्व सोपे आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. जवळची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि गुंडाळीत विद्युत्प्रवाह निर्माण होतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचेच हे उपयोजन आहे.

पोकळ पेटीला पिकअप लावल्यावर मात्र नवी अडचण उद्भवली. भोंग्यातून येणारा आवाज पेटीला कंपित करी, ते कंपन पिकअपवाटे पुन्हा भोंग्यात जाई आणि या आवर्तातून कर्कश शिट्टी निर्माण होई. लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास एका भरीव लाकडी ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवून यावर उपाय शोधला. लिओ फेंडर यांच्या कारखान्याने १९५० मध्ये घनदेही गिटारचे व्यापारी उत्पादन सुरू केले. १९५२ मध्ये गिब्सन कंपनीने लेस पॉल यांच्या नावाची गिटार आणली आणि १९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. या इतिहासाचे सार असे की, आवाज वाढविण्याचे काम विजेकडे सोपविल्यावर ते काम पूर्वी करणाऱ्या पोकळ पेटीची गरज उरत नाही; उलट मोठ्या आवाजात ती अडथळा ठरते.

नाद

बँजोचा नाद धारदार, चमकदार आणि अल्पजीवी असतो. एकाच स्वरात लावलेल्या दोन किंवा अधिक तारा एकदम वाजत असल्यामुळे त्यांच्या सूक्ष्म विसंवादातून एक थरथर निर्माण होते. ही थरथर म्हणजे बँजोची ओळख आहे. उघड्या रस्त्यावर तालवाद्यांच्या खर्जातील आघातांच्या वर हा नाद स्वच्छ उठून दिसतो. या दृष्टीने वाद्य आपल्या कार्यक्षेत्रास अनुरूप आहे, हे मान्य करावे लागते.

उणीव आहे ती आसेमध्ये. तारेची ऊर्जा पातळ फळीच्या पेटीत लवकर जिरते. विद्युतीकरणापूर्वी हे आवश्यकच होते, कारण पेटीच आवाज बाहेर टाकत असे. पिकअप लावल्यानंतर मात्र हीच पेटी तारेची आस खाते आणि शिट्टीला आमंत्रण देते. मिरवणुकीत वादक आणि भोंगे एकाच वाहनावर असतात, तेव्हा हा दोष विशेष जाणवतो. शिट्टी टाळण्यासाठी उंच स्वर कमी केले की बँजोची चमक जाते.

पिकअपचा प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो. पेटीला चिकटविलेला स्पर्श-पिकअप तारेबरोबर पट्ट्यांची खटखटही भोंग्यापर्यंत नेतो. चुंबकीय पिकअप मुख्यतः पोलादी तारेचे कंपन टिपतो. परंतु एकेरी गुंडाळीचा असेल तर तो वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघरही पकडतो. जनित्र आणि रोषणाई शेजारी असताना ही घरघर वाढते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये परस्परविरोधी जोडणीच्या दोन गुंडाळ्या वापरून ती घालविण्याचा मार्ग दाखविला. बँजोला तो लावण्यात तत्त्वतः कोणतीही अडचण नाही.

नादाचा विचार करताना प्रबलता आणि गुणवत्ता यांची गल्लत होऊ नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. कमी आवाजातही जे वाद्य स्पष्ट ऐकू येते, त्याचेच भवितव्य या चौकटीत सुरक्षित राहू शकते.

घडण

बँजोची घडण ही त्याची सर्वांत दुबळी बाजू होय. पट्ट्या, त्यांच्या स्प्रिंगा आणि पडदे या तीन ठिकाणी झीज होते. स्प्रिंग सैल झाली की पट्टी वेळेवर उठत नाही. पडदा झिजला की तार खरखरते. रूढ बँजोत घोडी सहसा अचल असते. गिटारमध्ये प्रत्येक तारेची कंपनलांबी घोडीवरील स्क्रूने स्वतंत्रपणे जुळविता येते. ही सोय नसल्यास मोकळी तार सुरात असूनही वरच्या सप्तकातील स्वर चढे लागतात.

हवामानाचा विचार वर्धा जिल्ह्यात तर टाळताच येत नाही. येथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लग्नसराईही तेव्हाच असते. उन्हात पोलादी तार प्रसरण पावून उतरते. लाकूड वाळून सांधे उलतात. पुढे पावसाळ्यात तारा आणि पट्ट्यांचे लोखंडी भाग गंजतात. गिटारची लांब मान अशा बदलांत वाकते, म्हणून तिच्यात समायोजनक्षम पोलादी कांब घालावी लागते. बँजोला मान नाही. पडदे थेट पेटीवर असतात. त्यामुळे वाकण्याचा धोका त्याला कमी आहे. भरीव, मुरलेल्या लाकडाची देही मिळाल्यास या जन्मजात गुणाचा पुरेपूर लाभ घेता येईल.

वादनसुलभता

याच निकषावर बँजो गिटारला मागे टाकतो. गिटारवादकाच्या बोटांना घट्टे पडावे लागतात आणि पडद्यामागे नेमक्या जागी तार दाबण्यासाठी दीर्घ सराव लागतो. बँजोत स्वरस्थान पट्टीनेच निश्चित केलेले असते. संगीतविद्यालयाची पायरी न चढलेला तरुण ऐकीव चाल थोड्या सरावाने वाजवू लागतो. ज्या समाजगटांना औपचारिक संगीतशिक्षण परवडले नाही किंवा लाभू दिले गेले नाही, त्यांच्या हाती हे वाद्य का रुजले, याचे एक कारण या सुलभतेत सापडते.

सुलभतेची किंमतही आहे. गिटारवादक तार बाजूला ओढून मींड घेऊ शकतो. बँजोत बोट आणि तार यांच्यामध्ये पट्टी येते. ती अधिक दाबून स्वर किंचित थरथरविता येतो, एवढेच. एकच पट्टी चालीच्या सर्व तारा एकत्र दाबत असल्यामुळे गिटारप्रमाणे स्वरसंघात वाजविता येत नाहीत. पट्टी अकाली सोडल्यास मोकळ्या तारेचा स्वर डोकावतो. म्हणून कुशल वादक पुढची पट्टी दाबेपर्यंत मागची सोडत नाही आणि मींडेची उणीव नखीच्या जलद आघातांनी भरून काढतो. हे कौशल्य वाद्याच्या मर्यादेतूनच जन्मले आहे.

पट्टीच्या वाद्यावरील हा आक्षेप नवा नाही. मींड आणि श्रुती यांच्या अभावामुळे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती शिथिल होण्यास १९७१ उजाडले. दरम्यान गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी मराठी संगीतात हार्मोनियमची प्रतिष्ठा सिद्ध केलेलीच होती. वाद्याच्या मर्यादेवरून त्याला बाद ठरविण्याऐवजी त्या मर्यादेत काय साधले गेले हे पाहणे अधिक न्याय्य, असा धडा या इतिहासातून मिळतो.

साधन आणि हात

वर्ध्याच्या वैचारिक परंपरेत साधनाच्या मूल्यमापनाचा आणखी एक निकष उपलब्ध आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली चालले. यंत्र माणसाच्या हाताला सक्षम करते की निकामी, हा तेथील विचाराचा मध्यवर्ती प्रश्न होता. यंत्रांचे टीकाकार असलेल्या गांधीजींनीही शिवणयंत्राला अपवाद मानले होते. या निकषावर बँजो उजवा ठरतो. त्यातील यंत्रणा स्वरस्थान शोधण्याचे श्रम वाचवते, परंतु प्रत्येक स्वर वादकाच्या हातानेच छेडावा लागतो. ध्वनिमुद्रित गाणी वाजविणाऱ्या डीजेमध्ये हा हातच उरत नाही. शिवाय बँजोची दुरुस्ती गावातील सुतार आणि रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर मिळून करू शकतात. डीजेच्या प्रसारामुळे बँजो पार्ट्यांचा हंगामी रोजगार आक्रसत असताना ही बाब केवळ तात्त्विक राहत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, विद्युत बँजो वादनसुलभतेत समृद्ध, नादात वैशिष्ट्यपूर्ण आणि घडणीत कमकुवत आहे. त्याने गिटारचा पिकअप स्वीकारला, पण त्या पिकअपला साजेशी घन देही स्वीकारली नाही. भरीव देही, दुहेरी गुंडाळीचा चुंबकीय पिकअप आणि समायोजनक्षम घोडी या तीन सुधारणांनी शिट्टी, घरघर आणि वरच्या सप्तकातील बेसूरपणा बऱ्याच अंशी दूर होऊ शकतील. पट्ट्यांची रचना मात्र बदलू नये, कारण वाद्याचे लोकशाही स्वरूप तिच्यातच आहे.

तूर्त वाद्य निवडताना चार साध्या परीक्षा पुरेशा आहेत. वीज न जोडता प्रत्येक पट्टी वाजवून खरखर ऐकावी. मोकळ्या तारेचा स्वर आणि तिच्या मध्यबिंदूवरील पडद्याचा स्वर नेमके एका सप्तकाच्या अंतरावर आहेत का, हे तपासावे. अॅम्प्लिफायर सुरू करून पेटीवर टिचकी मारावी. ती भोंग्यातून ठळक ऐकू आल्यास पट्ट्यांची खटखटही ऐकू येणार. शेवटी, वाद्य भोंग्याजवळ नेऊन शिट्टी कोणत्या अंतरावर सुरू होते ते पाहावे. ज्या वादकाची वर्षाची मिळकत काही मोजक्या तिथींवर अवलंबून असते, त्याचे वाद्य या परीक्षांत उतरले पाहिजे; वाद्यनिर्मात्यांनीही बँजो घडविताना हीच अपेक्षा समोर ठेवणे आवश्यक आहे.